बंदाची बाव

मालन मढवी यांचं पत्र मला फेब्रुवारीत आलं. निळं आंतरदेशीय पत्र. ते पोस्टात अजून मिळतं, हेच मला ते हातात पडल्यावर कळलं. अक्षर शाळकरी होतं. मालनबाईंनी सांगितलं आणि त्यांच्या नातीने, करिश्माने, लिहिलं, असं शेवटी नमूद केलं होतं. मजकूर थोडा होता.

"साळवे साहेबांना नमस्कार. तुमच्या पुस्तकात आमच्या वडखारची बाव बंद आहे असं छापलं आहे. कोणी बंद केली? आज सकाळीच आम्ही तिचं पाणी भरलं. छापलेलं बदला आणि बदललं की कळवा. वाट बघते."

मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही.

पुस्तक म्हणजे खरं तर अहवाल. डोंबिवलीच्या एका कॉलेजात भूजल शिकवणाऱ्या रचना सबनीस, त्यांचे विद्यार्थी आणि आमच्यासारखे काही रिकामे नागरिक यांनी मिळून ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या जुन्या विहिरी, तळी, झरे यांची नोंद केली होती. कुठे पाणी आहे, किती खारट आहे, कोण वापरतं, कोण कचरा टाकतं. धरणाचं पाणी पुरत नाही, टँकर वाढत चाललेत, आणि पायाखालचं गोडं पाणी आपण बुजवत सुटलोय; निदान काय उरलंय ते तरी माहीत असावं, असा रचनाताईंचा साधा हिशेब. मला पाण्यातलं काही कळत नाही. मी ठाण्यातल्या एका छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली. मला ऱ्हस्व-दीर्घ कळतं, तेही हल्ली खात्रीने नाही. मुलांचं मराठी सुधारायला कोणी हवं होतं, म्हणून मला घेतलं.

अहवालाच्या शेवटच्या पानावर "चुका आढळल्यास कळवाव्यात" असं लिहून ईमेल द्यायचं ठरत होतं. तेव्हा मी बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, विहिरीवरची माणसं ईमेल कशाला करतील? टपालाचा पत्ता द्या. सगळ्यांना ते फार पटलं. कोणाचा द्यायचा, असा प्रश्न आला, आणि माझा कोपरीतला पत्ता छापला गेला. त्या पत्त्यावर एकच पत्र आलं.

"आलं की हो तुमच्या पुस्तकाला पत्र!" शालन म्हणाली. शालन माझी बायको. "काय म्हणतायत?"

"चूक दाखवलीय."

"मग लिहून टाका, चुकलं म्हणून."

"आधी बघायला पाहिजे, खरंच चुकलंय का."

"बघा मग."

मी पान काढून बघितलं. वडखार हा दिव्याच्या पलीकडचा खाडीकाठचा पाडा. त्याच्या नोंदीत छापलं होतं: "बंद विहीर. दगडी, जुनी. पाणी गोड होते. बायका येथून पाणी नेत असत." चार स्वच्छ वाक्यं. मला त्यांत काही खटकलं नाही. मुलांनी जे पाहिलं ते लिहिलं असणार, रचनाताईंना विचारायला हवं, पण त्या कामात असतील, असं करत मी ते पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. महिन्याभराने उत्तर लिहायला बसलो तर "विलंबाबद्दल क्षमस्व" यापुढे जाता येईना. उशिराचं कारण काय द्यायचं? कारण नव्हतंच. मग तो उशीरच उत्तर न देण्याचं कारण होऊन बसला. माझ्या स्वभावात हे आहे. लोकांना वाटतं मी विचारी आहे. मी नुसता घाबरट आहे.

एप्रिलमध्ये रचनाताईंनी कॉलेजात बैठक बोलावली. त्या खुशीत होत्या आणि वैतागलेल्याही होत्या.

"आपला अहवाल प्रभाग कार्यालयाने वाचला," त्या म्हणाल्या. "पण त्यातलं नेमकं काय उचललं? शेवटची बंद विहिरींची यादी! पावसाआधी धोकादायक बंद विहिरी बुजवणार म्हणे. बंद विहीर जिवंत करता येते, हे आपण अख्खा एक भाग खर्चून सांगितलंय, ते पान कोणी उलटलंच नाही. मी हरकत घेतलीय. पण काही ठिकाणी काम सुरूसुद्धा होतंय."

त्यांनी नावं वाचायला घेतली. वडखार आलं तशी प्राची एकदम म्हणाली, "थांबा मॅडम. वडखार बंद कशी? मी स्वतः तिथलं पाणी प्यायलेले."

प्राची एमएस्सीला होती. दिव्याकडचा पट्टा तिने एकटीने चालून नोंदवला होता.

"यादीत आहे," रचनाताई म्हणाल्या.

"पण मी बंद असं नव्हतं लिहिलेलं. म्हणजे... नव्हतं ना लिहिलेलं?"

"मला काय विचारतेस? मी होते का तिथे? कितीदा सांगितलं प्राची, विहिरीच्या काठावर उभं राहून लिहायचं. घरी जाऊन आठवून आठवून लिहायचं नाही."

"तिथेच लिहिलेलं, मॅडम. बंदाची बाव म्हणतात तिला. तेच नाव लिहिलेलं."

तिने ते मोठ्याने उच्चारलं आणि मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. बंदाची बाव. बंद म्हणजे बांध. खाडीचं भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला मातीचा बांध. जुन्या मराठीत तो शब्द आहे. माझ्या मागच्या फळीवर जो शब्दकोश आहे त्यातही आहे. बांधाची विहीर. तिने लिहिलं होतं: "बंदाची बाव. दगडी, जुनी. पाणी गोड आहे. बायका इथून पाणी नेतात." तो कागद मला अक्षरासकट आठवला. आजकालच्या मुलांना षष्ठीचा प्रत्यय कुठे लावावा हे कळत नाही, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं, तेही आठवलं. मी "बंदाची"चं "बंद" केलं. सगळीकडे "विहीर" आहे म्हणून "बाव"ची "विहीर" केली. आणि मग, विहीर बंद आहे तर बायका पाणी नेतात कशा, हे विसंगत दिसेल म्हणून काळ बदलला. "आहे"चं "होते". "नेतात"चं "नेत असत". छापखान्यात आमचा नियम होता: शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह घाला, लेखकाला विचारा. मी जन्माचा शंकेखोर. नेमकी त्या एका जागी मला शंका आली नाही.

हे सगळं मला एका क्षणात कळलं आणि मी गप्प बसलो.

"सॉरी मॅडम," प्राची म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "माझ्याच लिहिण्यात काहीतरी झालं असणार."

"मला कशाला सॉरी? उद्या तिथे जा, फोटो काढून आण, आणि तिथल्या लोकांना सॉरी म्हण."

तेव्हा मी बोललो. काय बोललो? "शुद्धिपत्र काढायचं का?" असं विचारलं.

रचनाताई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "साळवे सर, सगळेच तुमच्यासारखे काटेकोर असते तर शुद्धिपत्र लागलं नसतं."

प्राचीनेही मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वडखारला गेलो. कशाला गेलो, हे मला सांगता येणार नाही. चूक झालीच नसेल, विहीर खरोखर बंदच असेल, अशी एक लाजिरवाणी आशा असावी. दिवा स्टेशनहून रिक्षा केली. दोन्ही बाजूंना इमारतींना इमारती चिकटलेल्या, गॅलऱ्यांत निळी पिंपं, एका वळणावर टँकरपुढे हंड्यांची रांग. मग इमारती संपल्या, थोडी कौलारू घरं आली आणि विहीर दिसली. विहीर कसली बंद. काठावर जत्रा होती. पाड्यातल्या बायका होत्या, समोरच्या बिल्डिंगमधल्या गाऊन घातलेल्या बायका होत्या, दोन कप्प्या करकरत होत्या. आणि बाजूला राबिटाचे दोन मोठे ढीग. विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, कमोडसुद्धा. विहिरीत टाकायला आणून ठेवलेले.

ढिगासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारी बसली होती, काठी आडवी मांडीवर.

"तुमी पालिकेचं?" तिने विचारलं.

"नाही."

"पेपरवालं?"

"नाही. पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांकडून आलो."

"आलं गो, परत आलं!" ती इतर बायकांना ओरडून म्हणाली. "मागं पोर आली, लिवून नेलं, न् आमची जिती बाव मेली. आता तुमी काय लिवताव? आमी मेलाव म्हनून?"

बायका हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

"नाव काय तुमचं?"

"भगवान," मी म्हणालो. आडनाव तोंडाशी आलं आणि मी ते गिळलं.

"घ्या! आता देवच आला. मंग बगतंस काय, वाचव की बाव." आणि लगेच, "करिश्मा, देवाला पानी दे गो. उन्हातान्हाचा आलाय."

पत्र लिहिणारी करिश्मा ती हीच, म्हणजे या मालनबाई. तिने नुकत्याच वर आलेल्या बादलीतून तांब्या भरून दिला. मी दोन्ही हातांनी धरला. माझे वडील साताऱ्याकडच्या ज्या गावातून मुंबईला आले तिथली विहीर त्यांना बंद होती. तेच शब्द ते वापरत: ती विहीर आपल्याला बंद होती. कोरडी नव्हती, गाव पाणी भरत होतं, आमची माणसं लांब उभी राहून कोणीतरी वरून ओतेल याची वाट बघत. आमच्या घरात "बंद" आणि "विहीर" हे शब्द असे जोडीने येत की मला त्यांत कधी काही वेगळं वाटलं नाही. बहुधा म्हणूनच हात तसा सहज फिरला. पण ही सबब नव्हे. उलट मला तर तो शब्द लिहिताना हात थांबायला हवा होता. मी पाणी प्यायलो. गोड होतं. तांब्या देताना तिथे कोणी मला आडनाव विचारलं नाही, आणि मी मात्र ते वेगळ्याच लाजेने लपवून बसलो होतो.

"गोर हाय ना?" मालनबाईंनी विचारलं. त्या भागात गोडला गोर म्हणतात. "हा बंद दिसतंय का?" त्यांनी काठीने मागचा गवताळ उंचवटा दाखवला. "त्याच्या पलीकरं खाडी. बंद हाय म्हनून ही गोर. बंद गेला तं ही पन खारी."

"पालिकेला सांगितलंत का तुम्ही?"

"सांगितलं तं पुस्तक दाखवतान. पुस्तकान बंद लिवलंय म्हनं. ठान्याला एक साल्वे हाय, त्याचा पत्ता होता पुस्तकान. त्याला चिठ्ठी धारली. उत्तर नाय."

"सायब लोक कवा उत्तर देतान?" कप्पीवरची एक बाई म्हणाली. "कचऱ्यान टाकली असंल."

"नाय गो," मालनबाई म्हणाल्या. "चुका कलवा असं लिवतो तो मानूस वाईट नसंल. म्हातारा असंल. आजारी बिजारी परला असंल बिचारा."

मी तांब्या खाली ठेवला. आता बोलायला हवं होतं. मी तोंड उघडलंही असतं, कोण जाणे. पण तेवढ्यात वळणावर रिक्षा थांबली आणि प्राची उतरताना दिसली. मी उठलो, "येतो" असं काहीतरी पुटपुटलो आणि बांधावर चढून चालायला लागलो. पाठीमागे मालनबाईंचा आवाज चढला: "आलीस? काय गो, शाळा शिकलीस ती बावी मारायला?" आणि प्राचीचा बारीक आवाज: "माझी चूक झाली मावशी, माझीच चूक झाली." मी चालत राहिलो. माझं वय त्र्याहत्तर आणि मी एका मुलीला माझ्या वाटणीचं ऐकून घ्यायला तिथे सोडून गवतातून पळत होतो. पळत म्हणजे, गुडघे जेवढं पळू देतात तेवढं.

बांध जिथे रस्त्याला मिळतो तिथे थांबून मी रचनाताईंना फोन केला. फोनवर चेहरा दिसत नाही, म्हणून जमलं असेल. सगळं सांगितलं, मीटिंगमध्ये गप्प बसलो तेही.

"कळलं," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठे आहात? तिथूनच प्रभाग कार्यालयात या. मी निघते. बाकीचं नंतर."

तिथले अभियंते तरुण होते आणि वाईट माणूस नव्हते. त्यांनी अहवाल उघडून पान माझ्यापुढे सरकवलं.

"रिपोर्ट तुमचा. बंद आहे म्हणता तुम्ही. आता नाही म्हणताही तुम्हीच. मी वर काय सांगू? लेखी द्या. चूक काय, कोणाकडून झाली."

रचनाताईंनी मला कागद दिला. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "मुद्रणदोष लिहा, सर. चालून जाईल."

त्यांनी ते दयेने म्हटलं होतं. पण छापखान्यात काढलेल्या सगळ्या वर्षांत या एका शब्दाचा मला राग होता. लेखक चुकला की मुद्रणदोष, संपादक चुकला की मुद्रणदोष. बिचारा खिळे जुळवणारा काळ्या हातांनी गप्प. या खेपेला तो शब्द माझ्या कामी येत होता, आणि तो मला किती हवासा वाटला ते मलाच माहीत. मी पेन टेकवलंही. "मु" लिहिला. मग तो खोडला आणि लिहिलं: हा मुद्रणदोष नाही. विद्यार्थिनी प्राची राणे यांनी नोंद बरोबर केली होती. "बंदाची बाव" म्हणजे बांधालगतची विहीर. भाषा तपासणाऱ्याने अर्थ न विचारता शब्द आणि क्रियापदं बदलली. विहीर वापरात आहे. मी आज तिचं पाणी प्यायलो आहे. खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

"एवढं सगळं कशाला लिहिता आजोबा?" अभियंते म्हणाले. पण त्यांनी वाचलं आणि कंत्राटदाराला फोन लावला. "वडखार थांबवा. नाही, रद्द नाही म्हणालो, थांबवा. इन्स्पेक्शन होईल."

ते झालं. विहीर यादीतून निघाली. राबिटाचे ढीग मात्र अजून तिथेच आहेत. आणायला वेळ लागला नव्हता, उचलायला लागतोय.

जिन्यावर रचनाताई म्हणाल्या, "सर, तुम्ही खोडलेला शब्द हीच आमची माहिती होती. बांध आहे म्हणून आत गोडं पाणी टिकलंय. विहिरीचं नाव तेच सांगत होतं. आणखी कुठे कुठे नावं बदललीत?"

मला खात्रीने सांगता येईना. मग मुलांचे मूळ कागद घेऊन आम्ही एकेक ओळ पडताळली. आणखी दोन ठिकाणी माझा हात फिरलेला होता. आता त्यांची टोळी खाडीकाठच्या सगळ्या जुन्या बांधांवरून चालते आहे, अशा आणखी विहिरी शोधत. मला बोलावतात. मी कागद बघतो, आता फक्त पेन्सिलीने, आणि प्रश्नचिन्हांनी समास भरून टाकतो. मुलं वैतागतात.

प्राचीला मी प्रभाग कार्यालयातून परतल्यावर त्याच संध्याकाळी फोन केला होता. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला वाटलेलं मीच वेडी झाले," ती म्हणाली. "रात्रभर आठवत होते, मी काय लिहिलेलं." आणि मग, "पण सर, मीटिंगमध्ये का नाही बोललात?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. ठीक आहे असं तिच्या आवाजात काही नव्हतं. ती माझ्याशी नीट वागते, पूर्वीइतकं बोलत नाही. ते बरोबरच आहे.

"आता त्या बाईंना लिहा," शालन म्हणाली.

"विहीर वाचली हे कळलंय त्यांना. प्राची जाऊन सांगून आली."

"पत्र प्राचीला आलं होतं का?"

शालन जास्त बोलत नाही. तिने टेबलावरची वर्तमानपत्रं उचलून जागा केली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

मला चार दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात मी बंद या शब्दाचा इतिहासच लिहिला होता, तो फाडला. दुसऱ्यात इतक्या वेळा माफी मागितली होती की वाचणाऱ्यालाच माझं सांत्वन करावं लागलं असतं. तोही फाडला. शेवटी जे उरलं ते असं:

"मालनबाईंना नमस्कार. तुमच्या बावीबद्दलची चूक माझी होती. त्या मुलीची नव्हती. तिला बोललात ते कृपा करून मागे घ्या. छापलेलं बदललं आहे, बदललेलं पान सोबत आहे. तुमचं पत्र मला फेब्रुवारीतच मिळालं होतं. मी आजारी नव्हतो. चूक निघेल या भीतीने उत्तर दिलं नाही. एप्रिलमध्ये तुमच्याकडे येऊन पाणी पिऊन गेलेला भगवान तो मीच, भगवान साळवे. तेव्हा आडनाव सांगितलं नाही, याची लाज वाटते. पुन्हा येऊ का, ते कळवा. नको म्हणालात तरी समजेन."

शेवटची दोन वाक्यं ठेवावीत की काढावीत हे कळेना. शालनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असू द्या."

आंतरदेशीय पत्रात पान घालता येत नाही, म्हणून लिफाफा घेतला. कोपरीच्या पोस्टात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "रजिस्टर करायचंय का?" मी म्हटलं, साधंच. तिने तिकीट दिलं. ते मी डिंकाने लावलं, थोडं तिरकं लागलं. बाहेर येऊन पत्ता पुन्हा एकदा वाचला. वडखारचा "ड" बरोबर होता. लिफाफा पेटीत सोडला, पण पडल्याचा आवाज आला नाही. अडकला असेल असं वाटून मी फटीत बोटं घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही. पत्र गेलं होतं.